भिंतीबाहेरची जागा

चेन्नईत राहायला येऊन मला बरीच वर्षं झाली होती, तरी शहराच्या उत्तरेला मी कामाशिवाय कधी गेले नव्हते. काम म्हणजे गुम्मिडिपूंडीच्या एका सप्लायरकडचं ऑडिट. कंपनीच्या गाडीत बसायचं, कंटेनरच्या रांगा संपेपर्यंत डुलकी काढायची, शेडमध्ये जाऊन कास्टिंगमधली, म्हणजे ओतीव भागांमधली, छिद्रं बघायची आणि संध्याकाळी परत. महामार्गाच्या उजव्या हाताला, खाडीच्या अंगाला गावं आहेत, मिठागरं आहेत, एवढं ठाऊक होतं. तिकडे गाडी वळवायचं कारण पडलं नव्हतं. पाहुणे आले की आम्ही त्यांना दक्षिणेला महाबलीपुरमला न्यायचो. उत्तरेला कुणी पाहुण्यांना नेत नाही.

कारण पडलं ते माझ्या मैत्रिणीच्या आईमुळे. मैत्रीण इरुंगाट्टुकोट्टैच्या आमच्या कारखान्यात माझ्याच विभागात होती. दोघी तांबरमला एकाच गल्लीत राहायचो, त्यामुळे कंपनीच्या बसमध्येही शेजारी. ती तमिळ ख्रिस्ती, मी सांगलीकडची. आमचं इंग्रजीत भागायचं. तिच्या आईशी मात्र मी माझ्या तोडक्यामोडक्या तमिळमध्येच बोलायचे, कारण त्यांनी तशी अटच घातली होती. त्या निवृत्त शिक्षिका होत्या. मी त्यांना अम्मा म्हणायचे. माझं क्रियापद चुकलं की त्या हात वर करून मला थांबवायच्या, बरोबर रूप सांगायच्या आणि ते माझ्या तोंडून वदवून घेतल्याशिवाय पुढे जाऊ द्यायच्या नाहीत.

अम्मांच्या किडन्या कामातून गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू होतं, आणि त्याला शरीर आताशा साथ देत नव्हतं. मार्गळीचा महिना होता, म्हणजे आपला मार्गशीर्ष-पौष. त्या दिवसांत चेन्नईची हवा जरा माणसात येते. एका रविवारी मी त्यांच्या घरी डबा द्यायला गेले तेव्हा त्या म्हणाल्या, की वडिलांची कोविलं एकदा बघायची आहेत, आणि तुझ्याकडे गाडी आहे. कोविल म्हणजे देऊळ, एवढं मला कळत होतं, पण ख्रिस्ती बाईला देवळं कशाला बघायची, ते कळेना. मैत्रिणीनं सांगितलं, की आमच्यात चर्चलाही कोविलच म्हणतात. तिचे आजोबा गोऱ्या पाद्र्यांच्या मिशनमध्ये उपदेशक होते. मिशन त्यांची एका गावाहून दुसऱ्या गावी बदली करायचं, आणि अम्मांचं लहानपण त्या गावांमधल्या चर्चच्या आवारात गेलं होतं. गोरे गेल्यावर त्यातली कित्येक चर्चं ओस पडली. मैत्रिणीनंही ती कधी पाहिली नव्हती.

पहिलं चर्च मिठागरांच्या पलीकडे होतं. वाट विचारत गेलो तर निम्म्या लोकांना ते माहीतच नव्हतं. छप्पर नव्हतं. तुळया कुणीतरी केव्हाच काढून नेल्या होत्या, आणि चारी भिंतींना आतून पिंपळाच्या मुळ्यांनी धरून ठेवलं होतं. आवारात गोऱ्या पाद्र्यांच्या मुलांची थडगी होती, इतकी आखूड की पाहूनच कळावं. अम्मांना आम्ही चाकाच्या खुर्चीतून जमेल तितकं आत नेलं. त्या बराच वेळ वर मोकळ्या आभाळाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, की इथे दुपारी वडील मुलांना पाढे शिकवायचे आणि ती मुलं पाढेसुद्धा भजनाच्या चालीवर म्हणायची. आम्ही तिथेच चादर अंथरून दहीभात खाल्ला. अम्मांना पाणी मोजून प्यावं लागायचं. त्या दिवशी त्यांनी मुलीचं लक्ष नाही असं पाहून एक पेला जास्त घेतला आणि माझ्याकडे बघून भुवई उडवली.

दुसऱ्या चर्चमध्ये मच्छीमारांनी जाळी आणि इंजिनं ठेवली होती. मैत्रिणीला ते लागलं. तिथल्या माणसाशी ती हुज्जत घालायला लागली, की ही प्रार्थनेची जागा आहे. अम्मांनी तिला गप्प केलं. जाळी कोरडी राहतायत, छप्पर शाबूत आहे, अजून काय पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. येशूचे पहिले चेले कोळीच होते, हे त्यांनी त्या माणसालाही सांगितलं. तो बिचारा हसला आणि त्यानं अम्मांना सावलीत बसायला जाळ्यांची चवड झटकून दिली.

मला वाटत होतं, म्हातारीला लहानपण आठवतंय, आम्हाला फिरणं होतंय, बरं आहे. अम्मा स्वतःसाठी शेवटची जागा शोधत होत्या हे मला तिसऱ्या चर्चला जाईपर्यंत कळलं नाही.

ते त्यांच्या वडिलांचं शेवटचं चर्च. खाडीपासून आत, ताडांच्या रांगेमागे. लांबून पाहिलं तेव्हा वाटलं, दोन पडकी चर्चं एकमेकांना टेकून उभी आहेत. जवळ गेल्यावर कळलं की चर्च एकच, पण त्याला दोन दालनं आहेत. कातरीची पाती उघडावीत तशी ती दोन बाजूंना गेली होती आणि जिथे जुळत होती तिथे वेदी होती. दोन्हींना वेगळे दरवाजे, वेगळ्या पायऱ्या. छप्पर वादळात गेलं होतं. मी इंजिनिअरच्या डोळ्यांनी बघत होते. वारा खेळायला असं बांधलं असेल, असं मी मैत्रिणीला म्हणालेसुद्धा.

अम्मांनी गाडीत बसल्या बसल्या मला समजावलं. माझ्यासाठी त्या सावकाश, सोपे शब्द निवडून बोलत होत्या. उजवीकडे वरच्या जातीचे ख्रिस्ती बसायचे, डावीकडे आम्ही. वेदीपाशी उभ्या राहिलेल्या माणसाला दोन्हीकडचे दिसत, पण या बाजूच्याला त्या बाजूचा दिसत नसे. गोऱ्यांनी दोघांनाही धरून ठेवायला अशी युक्ती काढली होती. त्यांचे वडील डावीकडचे. शिकलेले म्हणून ते वेदीपाशी उभे राहून दोन्ही बाजूंना बायबल वाचून दाखवत. ते वारले तेव्हा आवारात पुरायला उजवीकडच्यांनी नाही म्हटलं. दफनभूमीच्या भिंतीबाहेर त्यांच्या वस्तीतली माणसं पुरली जायची, तिथे त्यांनाही नेलं. पुढे गोरे गेल्यावर एका बिशपनं हुकूम काढला, की सगळ्यांनी एकत्र बसायचं. उजवीकडची घरं यायची बंद झाली आणि हळूहळू शहरात निघून गेली. डावीकडच्यांनी वस्तीत पत्र्याचं छोटं चर्च बांधलं. मधलं हे कुणाचंच उरलं नाही. दफनभूमीची किल्ली मात्र उजवीकडच्या घरांच्या कमिटीकडे राहिली.

हे सांगताना अम्मांच्या आवाजात काही नव्हतं. त्या धडा सांगितल्यासारख्या सांगत होत्या. मैत्रीण मात्र लालबुंद झाली होती. तिला आजोबांची कबर या गावी आहे एवढंच माहीत होतं. ती भिंतीबाहेर आहे, हे तिला आईनं कधीच सांगितलं नव्हतं. ती आईला म्हणाली, "आणि तू आम्हाला इतकी वर्षं म्हणत आलीस, चर्चच्या आवारात आहे म्हणून." अम्मा म्हणाल्या, "भिंतीला लागूनच तर आहे."

मैत्रीण तडक पत्र्याच्या चर्चमध्ये गेली आणि तिथल्या पाद्रीबाबांना घेऊन आली. ते तरुण होते, नुकतेच बदलून आलेले. पांढरा झगा धुळीनं लाल झालेला. दोघं गाडीपासून थोड्या अंतरावर बोलत उभे राहिले. मग मैत्रीण पळतच खिडकीपाशी आली. तिचा चेहरा उजळला होता. पाद्रीबाबा कमिटीशी भांडायला तयार होते. वेळ येईल तेव्हा अम्मांना आत, भिंतीच्या आत, वेदीमागच्या मोकळ्या जागेत पुरता येईल, असं ते म्हणत होते. अजून कोणी आमच्या बाजूचं तिथे गेलेलं नाही, अम्मा पहिल्या असतील. एवढं एका दमात सांगून ती म्हणाली, "आता खुर्ची काढते, चल, तुला आत नेऊन दाखवते." आणि ती डिकीकडे गेली.

अम्मांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. तो हात नेहमीच गार असायचा. त्या माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "उळ्ळे वेंडाम."

आत नको. एवढेच दोन शब्द. तमिळ शिकणाऱ्या कुणालाही पहिल्या आठवड्यात येतात असे.

मी डिकीपाशी जाऊन मैत्रिणीला म्हटलं, की अम्मा दमल्यात, आज आत नको. तिनं खुर्ची परत ठेवली. आम्ही परत निघालो. वाटेत मैत्रीण कमिटीबद्दल, जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करण्याबद्दल बोलत राहिली आणि अम्मा डोळे मिटून पडून होत्या. त्यांनी मुलीला हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

पुढचे काही दिवस बसमध्ये आम्ही याच विषयावर बोलायचो. खरं तर ती बोलायची. एकदा मी म्हणाले, की ख्रिस्ती झाल्यावरही हे राहतं, याचं मला नवल वाटतं. ती खिडकीबाहेर बघत होती. तिकडेच बघत तिनं मला विचारलं, "तुझ्या गावात स्मशानं किती आहेत?"

आमच्या गावाला नदीकाठी स्मशान आहे, पत्र्याची शेड, बसायला बाकडी. माझ्या आजोबांना, काकांना तिथेच नेलं. दुसरं ओढ्याच्या पलीकडे आहे. तिथे शेड नाही, पावसाळ्यात जायला वाट नाही. लहानपणापासून मी ते लांबून बघत आले होते आणि ते दुसरं का आहे, हे मी कधी कुणाला विचारलं नव्हतं. मी तिला म्हटलं, दोन. तिनं मान हलवली. तिला माहीतच होतं.

फेब्रुवारी संपता संपता अम्मा गेल्या, पहाटे, दवाखान्यात. मैत्रिणीचा भाऊ आखातात नोकरीला होता, तो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोचला. तोवर अम्मांना हॉलमध्ये काचेच्या शीतपेटीत ठेवलं होतं. मशीनची घरघर चालू होती, आणि खुर्च्यांवर शाळेतल्या त्यांच्या जुन्या विद्यार्थिनी बसल्या होत्या, आता स्वतःच आज्या झालेल्या. भावानं आल्या आल्या आईचे पाय धरले. मग बहिणीला आत नेऊन त्यानं पाद्रीबाबांना फोन लावला. कमिटीतल्या दोघांनी नाही म्हटलं होतं, बाकीचे गप्प होते. गप्प म्हणजे हो, असं पाद्रीबाबा म्हणत होते. त्यांनी किल्ली मिळवली होती. संध्याकाळी फाटक उघडून ते स्वतः उभे राहणार होते. गरज पडली तर पोलिसांनाही सांगून ठेवलं होतं.

मी स्वयंपाकघरात सगळ्यांसाठी कॉफी करत होते. बाहेर भाऊ म्हणत होता, की आजोबांना जे मिळालं नाही ते अम्माला मिळणार. मैत्रीण रडत हो म्हणत होती. माझ्यासमोर गॅसवरचं दूध उतू गेलं. मला ते दोन शब्द आठवत होते, आणि त्यांचं काय करावं कळत नव्हतं. मी या घरची नव्हे. या धर्माची नव्हे, या भाषेचीही नव्हे. आणि भिंतीबाहेर पुरलं जाणं ज्यांनी सोसलं त्यांच्यातली तर नव्हेच. मी काही बोलणं शोभत नव्हतं. पण अम्मांनी ते मला सांगितलं होतं, आणि आता ते फक्त मला माहीत होतं.

मी मैत्रिणीला गॅलरीत बोलावलं आणि सांगितलं. भाऊ मागोमाग आला. त्याला वाटलं असावं, गाडीचं काहीतरी आहे. त्यानं ऐकून घेतलं आणि अगदी सभ्यपणे म्हणाला, "मॅडम, तुम्ही आमच्यासाठी खूप केलंत. पण हा आमचा प्रश्न आहे. अम्माला खुर्चीत बसून आत जायचं नसेल. ती दमली होती, तुम्हीच तसं सांगितलं होतंत."

हे खरंच होतं. त्या दिवशी मीच तसा अर्थ लावला होता.

मैत्रिणीनं मला विचारलं, "नेमकं काय म्हणाली ती?"

मी ते दोन शब्द म्हटले. अम्मांनी म्हटले तसेच म्हणायचा प्रयत्न केला. तिनं पुन्हा विचारलं, मी पुन्हा म्हटले. तिनं विचारलं, तेव्हा अम्मा कुठे बघत होती. मी सांगितलं, माझ्याकडे. हात कुठे होता. मनगटावर. घट्ट की नुसता. मला तेवढं आठवत नव्हतं, आणि मी तसं सांगितलं.

ती आत जाऊन काचेच्या पेटीपाशी बसली. भाऊ तिच्याशी बराच वेळ दबक्या आवाजात बोलत होता. त्याचा एकेक मुद्दा बरोबर होता, आणि मला तो दारापर्यंत ऐकू येत होता. मेलेल्या माणसाला काय फरक पडतो, पण जिवंतांना पडतो. पाद्रीबाबांनी स्वतःची नोकरी पणाला लावली आहे. वस्तीतली मुलं बघत असतील. सगळं ऐकून झाल्यावर मैत्रीण म्हणाली, "ती आजोबांपाशी जाईल."

संध्याकाळी ताडांमागे वस्तीतली सगळी माणसं जमली होती. दफनभूमीचं फाटक खरोखरच उघडं होतं. कडीला नुकतंच तेल लावलेलं दिसत होतं, आणि पाद्रीबाबा तिथे एकटे उभे होते. अडवायला कुणी आलं नव्हतं. शवपेटी खांद्यावर घेतलेली, शहरातून आलेली माणसं फाटकापाशी क्षणभर थबकली, कारण त्यांना वाटलं होतं की आत वळायचं आहे. मैत्रीण पुढे होऊन भिंतीच्या कडेकडेनं चालायला लागली. तेव्हा ती माणसंही तिच्यामागे निघाली. पाद्रीबाबांनी फाटक तसंच उघडं ठेवलं आणि ते आमच्या मागून आले. त्यांचा चेहरा मला बघवला नाही.

बाहेरची जागा वेड्या बाभळींची. वस्तीतल्या माणसांनी सकाळीच निरोप मिळाल्यासारखी ती झाडून साफ केली होती. खरं तर बाहेरच पुरायचं हा निरोप दुपारी गेला होता. उपदेशकांची कबर म्हणून त्यांनी एक दगड दाखवला. त्यावर काही लिहिलेलं नव्हतं. तीच का, हे कुणी छातीठोकपणे सांगू शकलं नसतं. त्याच्या शेजारी अम्मांना ठेवलं. भाऊ मूठभर माती टाकताना हुंदके देत होता, आणि ते फक्त दुःखाचे नव्हते.

आठवड्याभरात कमिटीनं फाटकाला नवं कुलूप घातलं, हे पाद्रीबाबांनी मैत्रिणीला फोनवर कळवलं. किल्ली पुन्हा मिळणं कठीण आहे, असंही ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, असं ती मला म्हणाली. मग म्हणाली, "तू बोलली नसतीस तर अम्मा आत असती, आणि तिच्यामागे बाकीचे जाऊ शकले असते."

मी म्हटलं, हो.

तिनं मला दोष दिला असता तर बरं झालं असतं. ती फक्त जे आहे ते सांगत होती. पुढे काही महिने बसमध्ये ती माझ्या शेजारीच बसायची, पण कानात गाणी लावून. मी अनेकदा मनात तो प्रसंग पुन्हा मांडून पाहिला. अम्मा दमल्या होत्या, हे खरं. त्या वडिलांबद्दल बोलून नुकत्याच थांबल्या होत्या, हेही खरं. मुलीनं एकाच दमात दोन गोष्टी मांडल्या होत्या, आत पुरायचं आणि आत जाऊन बघायचं, आणि अम्मांचं उत्तर एकच होतं. त्यांना माझी भाषा किती कच्ची आहे हे सगळ्यांत चांगलं माहीत होतं. आणि तरीही त्यांनी ते मुलीला सांगितलं नाही, मला सांगितलं. कदाचित मुलीच्या उजळलेल्या चेहऱ्याकडे बघून त्यांना ते बोलवलं नसेल. मला असं वाटतं. खात्री नाही, आणि आता विचारायला कुणी नाही.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला ख्रिस्ती लोक आपापल्या माणसांच्या कबरी साफ करून मेणबत्त्या लावतात. त्याच्या आदल्या दिवशी मैत्रिणीनं मला विचारलं, गाडी काढशील का. पावसानं खाडीकडचा रस्ता वाहून गेला होता, म्हणून शेवटचा टप्पा चिखलातून चालत गेलो. वस्तीतली घरंच्या घरं भिंतीबाहेर जमली होती. बायका गप्पा मारत गवत काढत होत्या. अम्मांच्या कबरीवर कुणीतरी आधीच झेंडू वाहिला होता. मैत्रिणीनं चुना लावला, मी बाभळीची रोपं उपटली. हाताला काटे लागले. भिंतीच्या आत मात्र कंबरेइतकं गवत होतं. शहरात गेलेल्या घरांपैकी कुणीही आलेलं नव्हतं.

मेणबत्त्या लावून झाल्यावर तिच्या पिशवीत काही उरल्या. ती भिंतीपाशी गेली आणि आत बघत उभी राहिली. एके ठिकाणी भिंत खचून गुडघ्याएवढी झाली होती. मी विचारलं, येऊ का. ती म्हणाली, तू अम्मापाशी थांब. साडी सावरून ती ते खिंडार ओलांडून आत गेली आणि गवतात दिसेनाशी झाली. वस्तीतल्या बायका माना वर करून तिकडे बघायला लागल्या. एक म्हातारी काहीतरी पुटपुटली, ते मला कळलं नाही.

ती बऱ्याच वेळानं परत आली. परकर गुडघ्यापर्यंत भिजला होता आणि पिशवी रिकामी होती. कुणाच्या कबरीवर लावल्या ते तिनं सांगितलं नाही. गाडीत बसल्यावर म्हणाली, की नावं वाचता येत नाहीत, सगळं शेवाळ आहे. गुम्मिडिपूंडीच्या वळणाला ट्रकांच्या रांगेत आम्ही अडकलो तेव्हा तिला झोप लागली होती, आणि मी रेडिओ बंद केला.